सगळं तिलाच सांगून झालं: गिऱ्हाईक म्हणून जाणाऱ्या पुरुषांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

तुम्हाला नावानं हाक मारायची सोय नाही, कारण तुम्ही नाव सांगत नाही. सांगितलंत तरी ते खरं नसतं, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. खुर्चीच्या कडेवर टेकून बसलेले, एक डोळा दाराकडे ठेवलेले, 'मित्रासाठी विचारतोय' म्हणणारे तुम्ही मला चांगले ओळखीचे आहात. एचआयव्हीच्या तपासणीला आलेल्या माणसाशी रक्त घेण्याआधी आणि रिपोर्ट आल्यावर बोलायचं, हे माझं रोजचं काम. इतक्या वर्षांत धंद्यातल्या बायकांशी, म्हणजे तुम्ही पैसे देऊन ज्यांच्याकडे जाता त्यांच्याशी, मी जितकं बोलले, त्याच्या दहाव्या हिश्शानंही तुमच्याशी बोलले नाही. ती राहिलेली बाकी आज या पत्रातून भरायला घेतली आहे.

एचआयव्हीबद्दल जे काही सांगायचं ते आजवर आम्ही तिलाच सांगत आलो. लाकडी नमुन्यावर कंडोम चढवायला तिला शिकवलं. टोक चिमटीत धरून हवा काढायची, मुळापर्यंत उलगडायचा, नंतर कडा धरून बाहेर काढायचा, गाठ मारून टाकायचा. हे सगळं ती अंधारातही करू शकते. दर काही महिन्यांनी रक्त तिनंच द्यायचं. गुप्तरोगाची तपासणी तिनंच करून घ्यायची. भिंतीवरची पोस्टर्स तिच्यासाठी, बैठका तिच्यासाठी, नोंदवहीत नंबर तिचा. आणि एवढं करून कंडोम चढतो तो तुमच्या अंगावर. चढवायचा की नाही, हे शेवटी तुम्ही ठरवता. निर्णय ज्याच्या हातात आहे त्याला सोडून आम्ही बाकी सगळ्यांना शिकवत बसलो.

ही सवय जुनी आहे. १९८६ साली तेव्हाच्या मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन, माहेरच्या गायतोंडे, यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीनं धंद्यातल्या बायकांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. त्यांतले सहा पॉझिटिव्ह निघाले. भारतात एचआयव्ही असल्याचा तो पहिला पुरावा. हा आजार आपल्याकडचा नाही अशी समजूत असण्याच्या त्या काळात दोघींनी केलेलं काम फार मोठं होतं. पण बातमी झाली ती बायकांची. त्या सहा जणींपर्यंत विषाणू कुणाकडून आला असेल, हा प्रश्न तेव्हाही मागे पडला आणि नंतरही मागेच राहिला. 'रोग पसरवणाऱ्या' हा शिक्का मात्र बायकांच्या कपाळी बसला, तो अजून पुरता निघालेला नाही.

आता त्या खोलीतलं सांगते. तुम्ही तिथं असता, पण तिच्या बाजूनं ते कसं असतं हे तुम्हाला माहीत असेलच असं नाही. साधारण माझ्याच वयाची एक बाई एकदा मला म्हणाली, "ताई, तुम्ही म्हणता गिऱ्हाइकाला समजावून सांग. समजवायला वेळ कुठंय?" आणि टेबलावर बोट आपटत तिनं सेकंद मोजायला सुरुवात केली. दार लागलं. पैसे आधी हातात. दिवा मुद्दाम चालू ठेवायचा, म्हणजे त्याच्या अंगावर फोड, जखम, पू असं काही असेल तर दिसतं. तो म्हणतो, दिवा घालव. उशीखालून कंडोम काढायचा, पाकीट बोटांनी फाडायचं, दातांनी नाही. तो म्हणतो, राहू दे ते. ती म्हणते, तुझ्याच भल्यासाठी. तो म्हणतो, मी काय आजारी दिसतो? ती हसून बोलणं फिरवते आणि हसता हसता चढवायला बघते. तो तिचा हात धरतो. म्हणतो, दुप्पट देतो.

इथपर्यंत वीस सेकंद झाले होते. तिनं बोट थांबवलं. "आता तुम्हीच सांगा. दुप्पट म्हणजे एक गिऱ्हाईक कमी. दिवसभर पाठ दुखत असते. भाडं थकलेलं असतं. हा गेला तर दुसरा येईलच असं नाही. आणि मी नाही म्हटलं तर शेजारच्या खोलीत जाऊन हा हेच बोलणार, आणि तिचं भाडं माझ्यापेक्षा जास्त थकलेलं असणार."

'नाही म्हणायला शीक' हे वाक्य मी कितीतरी जणींना ऐकवलं होतं. त्या दिवसापासून ते माझ्या तोंडातून निघालेलं नाही. ते वीस सेकंद तिच्या वाट्याला येतात ते तुमच्यामुळे. तुम्ही दारातून आत येतानाच कंडोम वापरायचा हे ठरवून आलात, तर ती हुज्जत सुरूच होत नाही. तिला हसून बोलणं फिरवावं लागत नाही, हात सोडवून घ्यावा लागत नाही, भाड्याचा आणि जिवाचा हिशेब एका श्वासात करावा लागत नाही.

तेव्हा माझं पहिलं आणि मुख्य मागणं हे आहे: कंडोमशिवायचा भाव विचारू नका. दुप्पट देऊ नका, तिप्पट देऊ नका. तुमच्या दृष्टीनं ती नुसती विचारणा असते, पण अडचणीत असलेल्या माणसापुढे जास्तीचे पैसे धरणं ही जबरदस्तीच आहे, आणि तुमच्या तशा बोलीनं शेजारच्या दहा खोल्यांतल्या बायकांचं 'नाही' स्वस्त होतं.

कंडोम सोबत न्या. तो पाकिटात घालून महिनोन्महिने त्यावर बसू नका. ऊब आणि दाब यांनी रबर कमकुवत होतं. तारीख बघा. लॅटेक्सच्या कंडोमला तेल, व्हॅसलीन, क्रीम लावलं की तो फाटतो, म्हणून पाण्याचं किंवा सिलिकॉनचं वंगण वापरा, आणि वापराच. कोरडेपणामुळे कंडोम फाटतो आणि तिला जखमही होते. एकावर एक दोन चढवू नका. बाईनं आत घालायचा कंडोमही मिळतो. तिनं तो घातलेला दिसला तर त्यावरून वाद घालू नका, तिनं दोघांची सोय केलेली असते. ऐन वेळी बाहेर काढणं हा उपाय नाही, कारण वीर्याच्या आधी येणाऱ्या पाण्यातही विषाणू असू शकतो. नंतर साबणानं धुतल्यानंही काही टळत नाही. तिला आतून धुवायला लावणं तर उलट नुकसानीचं, त्यानं आतली नाजूक त्वचा सोलवटते. आणि दारूचं एवढंच सांगते की माझ्यासमोर बसून 'त्या दिवशी जरा जास्त झाली होती' हे वाक्य मी जितक्यांदा ऐकलंय, तितकं दुसरं कुठलंही नाही.

आता एक गोष्ट, जिच्याबद्दल बोलताना माझा आवाज चढतो. सुरुवातीला कंडोम घालायचा आणि मध्येच तिच्या नकळत काढून टाकायचा. हे करणारे बरेच आहेत, आणि मित्रांमध्ये बढाई मारून सांगणारेही आहेत. तिनं संमती दिली होती ती कंडोमसह. तो काढलात त्या क्षणी संमती संपली. न्यूझीलंडमध्ये एका गिऱ्हाइकानं धंदा करणाऱ्या बाईशी नेमकं हेच केलं. २०२१ साली तिथल्या न्यायालयानं त्याला बलात्काराबद्दल पावणेचार वर्षांची कैद दिली. त्याच देशाच्या २००३ च्या कायद्यानं प्रौढांचा हा व्यवसाय गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढला आणि सुरक्षित संबंधांची जबाबदारी नुसती तिच्यावर न टाकता गिऱ्हाइकावरही टाकली. कंडोम न वापरणाऱ्या गिऱ्हाइकाला तिथं दंड होऊ शकतो. कायद्याच्या पुस्तकात तुमचं नाव अशा रीतीनं आलेलं मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बरं वाटलं होतं.

आणि समोर उभी केलेली मुलगी लहान असेल, किंवा तिला डांबून ठेवलेलं दिसत असेल, तर तिथं कंडोमचा प्रश्नच येत नाही. तो धंदा नव्हे. तिथून बाहेर पडा आणि तिची सुटका होईल अशा ठिकाणी खबर द्या.

एकदा एक शिकलेला माणूस कागदावर गणित मांडूनच माझ्याकडे आला होता. त्यानं वाचलेले आकडे बरोबर होते. समोरची व्यक्ती एचआयव्हीबाधित असेल आणि उपचार चालू नसतील, तर कंडोमशिवायच्या एका योनीसंबंधात पुरुषाला लागण होण्याची शक्यता सरासरी दहा हजारांत चार, बाईला दहा हजारांत आठ. "म्हणजे जवळजवळ नाहीच की," तो म्हणाला. मी त्याला विचारलं, सरासरी कुणाची? लिंगावर किंवा योनीत छोटा फोड किंवा जखम जरी असली तरी तिथून वाट सोपी होते. गरमी, परमा यांसारखा गुप्तरोग दोघांपैकी एकाला असेल तर धोका कितीतरी पटींनी वाढतो. समोरच्याला अलीकडेच लागण झालेली असेल तर पहिल्या काही आठवड्यांत रक्तात विषाणूंचा पूर आलेला असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. गुदसंबंधात घेणाऱ्याचा धोका दहा हजारांत एकशे अडतीस. हे पुरुषांकडे आणि तृतीयपंथीयांकडे जाणाऱ्यांनी जास्त लक्षात ठेवायचं, आणि बाईकडे जाऊन तेच मागणाऱ्यांनीही.

शिवाय ते गणित एका वेळेचं होतं. तुम्ही एकदाच गेला नाहीत. आणि तिचं गणित तर तुमच्यापेक्षा दुप्पट आकड्यानं सुरू होतं आणि दिवसातून किती वेळा गुणलं जातं हे तिलाच ठाऊक. तुम्हाला तिची भीती वाटते. खरं तर त्या खोलीत भीती वाटायला जास्त कारण तिला आहे.

'ती स्वच्छ होती', 'तरुण होती', 'चांगल्या ठिकाणची होती', 'तिनं रिपोर्ट दाखवला होता' हे सगळं मी ऐकलेलं आहे. एचआयव्ही चेहऱ्यावर दिसत नाही, वर्षानुवर्षं दिसत नाही. तिचा रिपोर्ट रक्त घेतलं त्याच्याही आधीच्या काळाबद्दल बोलतो. कालच्या गिऱ्हाइकाबद्दल तो काहीच सांगू शकत नाही. तिला कागद मागणाऱ्या किती जणांच्या खिशात स्वतःचा कागद असतो? आणि 'आता ती माझीच आहे, कायमची' म्हणून कंडोम सोडणारे तुम्ही, तुमच्यासाठी तर मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. अनोळखी गिऱ्हाइकासोबत ती कंडोमचा आग्रह धरते. कायमच्या माणसासोबत प्रेमापोटी, विश्वासापोटी सोडून देते, आणि लागण बऱ्याचदा तिथंच होते, कधी तिच्याकडून त्याला, कधी त्याच्याकडून तिला.

साथीचा अभ्यास करणारे लोक तुम्हाला 'पूल' म्हणतात. मला तो शब्द आवडत नाही, पण त्यातला अर्थ टाळता येत नाही. पुलाच्या दुसऱ्या टोकाला तुमचं घर असतं. माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी गरोदर बायकांना स्वतःचा रिपोर्ट हातात आल्यावर काही म्हणजे काही उमगत नव्हतं, कारण नवऱ्याशिवाय त्यांच्या आयुष्यात कुणी नव्हतं. त्यांना रडताना मी पाहिलंय, आणि दाराबाहेर बाकावर मान खाली घालून बसलेला नवराही पाहिलाय. आज अशा बाईला वेळेवर औषधं मिळाली तर बाळ जवळजवळ नेहमीच निगेटिव्ह राहतं. उपचार नसतील तर बाळाला लागण होण्याची शक्यता शंभरात पंधरा ते पंचेचाळीस इतकी असते. तेव्हा घरी सांगायला जीभ रेटत नसेल, तर निदान तपासणी होईपर्यंत घरीही कंडोम वापरा. काय सांगून वापरायचा, याचा मार्ग शोधायला आम्ही मदत करतो. आमच्या कामाचा तो भागच आहे.

पुरुष बदलत नाहीत, असं मला बरेच जण सांगतात. थायलंडचा अनुभव वेगळं सांगतो. १९८९ साली रात्चबुरी प्रांतात डॉ. विवात रोजनापिथायाकॉर्न यांनी एक साधी गोष्ट ओळखली: एकटीनं 'नाही' म्हटलं तर गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, सगळ्यांनी एकदम म्हटलं तर जाणार कुठं? प्रांतातल्या धंद्याच्या प्रत्येक ठिकाणी एकच नियम झाला, कंडोम नाही तर संबंध नाही. एखादा पुरुष गुप्तरोग घेऊन दवाखान्यात आला की तो कुठं गेला होता हे विचारलं जाई, म्हणजे नियम कुठं मोडला ते कळे. १९९१ पासून हे देशभर झालं. धंद्यातल्या संबंधांत कंडोमचा वापर १९८९ साली शंभरात चौदा होता, तो काही वर्षांतच नव्वदच्या वर गेला. उत्तर थायलंडमध्ये सैन्यात भरती होणाऱ्या एकवीस वर्षांच्या मुलांत एचआयव्हीचं प्रमाण १९९१ ते १९९३ या काळात दहा टक्क्यांच्या वर होतं. १९९५ मध्ये ते सात टक्क्यांच्या आत आलं. ही मुलं म्हणजे तुमच्यासारखीच गिऱ्हाइकं होती. त्यांनी कंडोम वापरला आणि ती वाचली. त्या कार्यक्रमात बायकांवर तपासणीची सक्ती झाली, पोलीस आणि मालक यांच्या जोरावर तो राबवला गेला, यावर टीका झाली आणि ती रास्त आहे. म्हणून तर मी तुमच्याकडे मागते आहे. बाईवर सक्ती न करताही हेच साधतं, जर नकार देण्याचं काम तिच्या एकटीवर पडलं नाही.

कोलकात्याच्या सोनागाची या धंद्याच्या वस्तीत १९९२ पासून डॉ. स्मरजित जाना यांनी दुसऱ्या टोकानं सुरुवात केली. बायकांनाच कार्यकर्त्या केलं, त्यांना काय हवं ते आधी विचारलं. त्यांना सावकाराच्या तावडीतून सुटायचं होतं. १९९५ मध्ये त्यांची दरबार ही संघटना आणि उषा ही सहकारी संस्था उभी राहिली. बचत हाताशी असलेली बाई दुप्पट पैशाला नाही म्हणू शकते. टेबलावर बोट आपटणाऱ्या त्या बाईनं मला सांगितलं ते हेच होतं.

तुमच्या एका चुकीच्या समजुतीबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. 'हिला एचआयव्ही आहे' असं कुणाबद्दल कळलं की तुम्ही तिच्या दाराला पाठ करता, आणि वस्तीभर सांगत फिरता. मग पुढची बाई तपासणीला येईनाशी होते. उपचार नियमित घेणाऱ्या आणि तपासणीत रक्तातला विषाणू सापडू नये इतका कमी झालेल्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून एचआयव्ही लागत नाही. लागत नाही, हे शब्द मी विचार करून लिहितेय. २०११ साली एका मोठ्या अभ्यासानं लवकर उपचार सुरू केल्यास जोडीदाराची लागण शहाण्णव टक्के टळते असं दाखवलं. त्यानंतर युरोपात, एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशा जोडप्यांचे कंडोमशिवायचे हजारो संबंध मोजले गेले. पॉझिटिव्ह जोडीदाराचा विषाणू औषधांनी दबलेला होता तिथं त्याच्याकडून एकही लागण झाली नाही. म्हणजे रोज गोळी घेणारी, विषाणू दबलेला असलेली पॉझिटिव्ह बाई, कधीच तपासणी न केलेल्या गिऱ्हाइकापेक्षा कितीतरी सुरक्षित. कंडोम तरीही हवाच, कारण गरमी, परमा असे रोग या गोळ्यांनी थांबत नाहीत.

निगेटिव्ह माणसासाठीही आता औषध आहे. प्रेप म्हणतात त्याला. लागण होण्याच्या आधीपासून गोळी घ्यायची. नियमित घेतली तर संरक्षण फार चांगलं मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ पासून मोठा धोका असलेल्या सगळ्यांसाठी तिची शिफारस केली आहे, आणि त्यात वारंवार जाणारे तुम्हीही येता. २०२४ मध्ये लेनाकापाविर या सहा महिन्यांतून एकदा घ्यायच्या इंजेक्शनचे निकाल आले. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या ज्या २१३४ तरुणींना ते दिलं होतं, त्यांच्यातल्या एकीलाही एचआयव्ही झाला नाही. ते वाचलं त्या दिवशी मी थोडा वेळ कामच थांबवलं. २०२५ च्या जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याचीही शिफारस केली. ते सगळीकडे, सगळ्यांना परवडेल अशा रीतीनं पोहोचायला हवं.

या ज्ञानासाठी धंद्यातल्या बायकांनी काय दिलंय, तेही तुम्हाला माहीत असावं. नैरोबीच्या पुमवानी भागातल्या बायका १९८५ पासून संशोधकांना रक्त देत आल्या आहेत. त्यांच्यातल्या काही जणी वर्षानुवर्षं विषाणूच्या संपर्कात येऊनही निगेटिव्ह राहिल्या, आणि शरीर एचआयव्हीशी कसं झुंजतं याचं बरंच ज्ञान त्यांच्यामुळे मिळालं. पुढे बेनिन, आयव्हरी कोस्ट, दक्षिण आफ्रिका आणि थायलंडमधल्या धंद्यातल्या बायकांवर नॉनऑक्सिनॉल-९ या जेलची चाचणी झाली. गिऱ्हाइकाला न विचारता बाईला स्वतःच लावता येईल असं काहीतरी हवं होतं. जेल निरुपयोगी निघालंच, पण ते वारंवार वापरणाऱ्या बायकांत लागण उलट जास्त दिसली. तुम्ही कंडोम घालत नाही म्हणून दुसरा मार्ग शोधायला त्यांनी आपलं शरीर दिलं होतं.

हे पत्र पोलिसांना किंवा सरकारला नाही, तरी एक गोष्ट इथं बोलल्याशिवाय राहवत नाही. झडतीत सापडलेला कंडोम धंद्याचा पुरावा म्हणून धरला जातो, असं जगात ठिकठिकाणी झालंय, श्रीमंत देशांतल्या मोठ्या शहरांतही. मग बाई जवळ कंडोम ठेवायलाच घाबरते. २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात कॅनडा, भारत आणि केनियाच्या परिस्थितीवरून मांडलेला एक हिशेब आला: हा व्यवसाय गुन्हा मानणं थांबवलं तर दहा वर्षांत बायकांना आणि गिऱ्हाइकांना होणारी नवी लागण तेहेतीस ते सेहेचाळीस टक्क्यांनी टळू शकते. गिऱ्हाइकांना, हा शब्द त्यात आहे. म्हणजे तिच्या हक्कांची लढाई तुमच्याही जिवाशी बांधलेली आहे. कधी साक्ष द्यायची, कधी आवाज उठवायची वेळ आली तर एरवी मुकाट असणारे तुम्ही तिथं काही बोलाल का, हा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवते.

आणि तपासणीचं. बोटाला टोचून काही मिनिटांत कळतं. घरच्या घरी करायच्या किटही आहेत. गेल्या दोन-चार आठवड्यांतला संबंध असेल तर त्यातली लागण लगेच दिसणार नाही. तीन महिन्यांनी पुन्हा करा, तोवर सगळीकडे कंडोम वापरा. पॉझिटिव्ह आलात तर गोळ्या त्याच आठवड्यात सुरू होऊ शकतात आणि माणूस पूर्ण आयुष्य जगतो. डास चावला, ताटात जेवलं, हातात हात दिला याची चिंता सोडा, त्यानं काही होत नाही. जाणाऱ्यांनी वर्षातून एकदा नव्हे, दर तीन-सहा महिन्यांनी यावं. ती येतेच.

कंडोम फाटला तर? तरीही मार्ग आहे. पेप नावाचं औषध ७२ तासांच्या आत सुरू करायचं असतं, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि २८ दिवस एकही दिवस न चुकवता घ्यायचं. ७३ वा तास उलटून आलेल्या माणसांना माघारी पाठवताना माझा जीव तुटतो, म्हणून हा आकडा घोकून ठेवा.

अशीच एक वेळ सांगते. एक माणूस आला, चाळीस तास होऊन गेले होते. मुठीत कंडोमचं फाडलेलं पाकीट घट्ट धरलेलं. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेनानं आमच्या केंद्राचा पत्ता आणि '७२' असं लिहिलेलं होतं. फाटलेला कंडोम आधी तिच्या लक्षात आला होता. तो गडबडीत निघत होता तेव्हा तिनं त्याला दारात थांबवलं, हे लिहून दिलं आणि म्हणाली, आजच जा. तो दीड दिवस घाबरून इकडेतिकडे फिरला आणि मग आला. गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही दिवस त्याला मळमळलं, दोनदा फोन करून सोडून देऊ का असं विचारलं, पण त्यानं २८ दिवस पुरे केले. तीन महिन्यांनी शेवटचा रिपोर्ट घ्यायला आला, निगेटिव्ह होता. कागदाची घडी घालून खिशात ठेवली, उठला, दारापाशी गेला आणि परत वळला.

"त्या बाईनं पण गोळ्या घेतल्या का?" त्यानं विचारलं.

एकाची माहिती दुसऱ्याला द्यायची नाही हा आमचा नियम आहे, म्हणून मी त्याला उत्तर दिलं नाही. इतक्या वर्षांत तिच्याबद्दल विचारणारा तो पहिलाच.

आपली,
एक समुपदेशक